डोळ्यांचं घोंगडं

औंढ्याला आमच्या गल्लीत दिवाळी सरली की माणसं सकाळी उठून आधी आभाळाकडं पाहत नाहीत. वच्छाआत्यानं घोंगडं कसं पांघरलंय ते पाहतात. सुलटं असलं तर निवांत चहा ठेवतात. उलटं असलं तर मोबाइल काढून गावोगावच्या नातेवाइकांना फोन लावतात, आणि पलीकडून 'काय झालं?' असं विचारलं की 'काही नाही, सहज केला' म्हणतात.

मी यातला नव्हतो, असं मला वाटायचं. माझं गल्लीच्या तोंडाशी मेडिकलचं दुकान आहे. डी. फार्म. झालेला माणूस घोंगड्याकडं बघून आपला दिवस ठरवत नाही. पण घोंगडं उलटं दिसलं की वसमतला बहिणीला मीही फोन लावायचो. सहजच.

वच्छाआत्या, म्हणजे वत्सलाबाई, आमच्या समोरच्या दीड खोलीत एकट्या राहतात. सत्तरीच्या पुढं असतील. घराणं देवळाच्या सेवेतलं, पण त्या तहसील कचेरीत कारकून होत्या आणि सगळी नोकरी त्यांनी अभिलेख कक्षात काढली, जुन्या कागदांत. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय नांदेडला. गल्ली त्यांना आत्या म्हणते. त्या मला 'मेडिकल' म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत आहे, पण वापरत नाहीत.

कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटली नाही. दूधवाल्याला म्हणतात, "सदर दुधात पाणी आढळून आलं. खुलासा करा." मला म्हणतात, "मेडिकल, कालच्या गोळीनं फरक पडला न्हाई. सबब दुसरी द्या." एकदा गल्लीतलं कुत्रं त्यांच्या ओट्यावर बसलं, तर त्याला तीनदा 'समज' देऊन मगच काठी उचलली.

आणि ते घोंगडं. त्या त्याला शाल म्हणतात, कुणी घोंगडं म्हटलं तर राग येतो. पण जाडी, वास आणि टोचणं पाहता ते घोंगडंच आहे. काळ्या मेंढीच्या लोकरीचं. त्यावर शंकरपाळ्यांच्या आकाराचे पिवळेजर्द डोळे, हाताच्या पंजाएवढे. डोळ्यात पांढरी कड आणि मधोमध काळं बुबुळ. लांबून ती बाई येते असं वाटतच नाही, एक घोळका येतो असं वाटतं. पाठमोऱ्या गेल्या तर जास्त वाटतं. त्या पुढं चाललेल्या असतात आणि तुमच्याकडं बघणं चालूच असतं.

गिऱ्हाईक नसलं की मी दुकानातून ते डोळे मोजायचो. एकदा बेचाळीस भरले. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस. मी ते घडीत लपलेल्या एखाद्या डोळ्यावर ढकललं. तिसऱ्या दिवशी आत्या दुकानात आल्या आणि पाठ माझ्याकडं करून म्हणाल्या, "मोजा नीट. लांबून आकडा चुकतो." मी मोजत असतो हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मी मोजले नाहीत.

घोंगडं पांघरायच्या त्यांच्या चार रीती आणि चारींना नावं. दोन्ही पदर पुढं घेतले की 'आवक', ती सकाळी दूध आणायला. उजवा पदर डाव्या खांद्यावरून मागं टाकला की 'जावक', म्हणजे बाजारात निघाल्या. डोक्यावरून कानाखाली आवळून घेतलं की 'किरकोळ रजा', त्या दिवशी कुणाशी बोलत नाहीत. आणि पदर कमरेला गाठ मारून हात मोकळे ठेवले की 'तपासणी'. तपासणी दिसली की भाजीवाली आधीच भाव खाली आणते.

दुसऱ्यांच्या शालीसुद्धा त्यांना बघवत नाहीत. एका सत्कारात पुढाऱ्याच्या गळ्यात शाल नुसती लोंबत होती. आत्या व्यासपीठावर चढल्या, सगळ्यांसमोर ती काढली, झटकली आणि त्याला नीट पांघरून दिली. वर म्हणाल्या, "पांघरायची असती. गळ्यात टॉवेल हाय का तो?" तो माणूस नंतरचा अर्धा तास हात न हलवता भाषण करत होता.

नक्षीचा इतिहास मला त्यांनी एका धुक्याच्या सकाळी दुकानात सांगितला. डिसेंबर होता, समोरचं देऊळ दिसत नव्हतं, नुसती घंटा ऐकू येत होती.

"ही जागल्याची नक्षी," त्या म्हणाल्या. "जागल्या ठाव हाय ना? गावाची राखण करणारा. पूर्वी शिवेवर रात्रभर बसायचा. थंडीत समोर शेकोटी, म्हणून तोंड शेकोटीकडं. मग पाठीकडून बिबट्या यायचा. सबब पाठीला डोळे पायजेत."

"बिबट्या फसायचा?"

"बिबट्याचं मला माहीत न्हाई. इतर जे काही मागून येतं ते थांबायचं. माणूस जागा दिसला की ते पुढं येत न्हाई."

मी इतर म्हणजे काय ते विचारलं नाही. त्या पुढं सांगत राहिल्या. धनगराच्या घरच्या बायका हे डोळे भरायच्या. पिवळा रंग पळसाच्या फुलांचा. पांढरी लोकर पहिलटकरणीची, म्हणजे पहिल्यांदा व्यालेल्या मेंढीची. निजामाच्या वेळच्या एका यादीत त्यांनी स्वतः वाचलं होतं: काठी एक, कंदील एक, डोळ्यांचं पांघरूण एक. त्यांच्याजवळचं पांघरूण इथल्या शेवटच्या जागल्याच्या बायकोचं. ती म्हातारी कसल्या तरी उताऱ्याची नक्कल घ्यायला कचेरीत आली होती. नक्कल हातात पडल्यावर घोंगडं टेबलावर ठेवून म्हणाली, 'मला पोरगं न्हाई, बाई. तू ठिव.' आणि निघून गेली.

"मग हे काही डोळे शिवलेले काहून?" मी विचारलं. जवळून पाहिलं तर बऱ्याच डोळ्यांवर काळ्या लोकरीचे आडवे टाके होते.

"शिवलेले न्हाईत. मिटलेत. राखणीत माणूस गेलं तर एक डोळा मिटायचा, अशी रीत हाय."

"जुने आहेत ना सगळे?"

त्यांनी घोंगड्याचा एक कोपरा माझ्यासमोर काउंटरवर पसरला. तिथल्या तीन डोळ्यांवरचे टाके काळेभोर होते. लोकर कालची असावी इतकी नवी.

"हे माझे," त्या म्हणाल्या. आणि सर्दीची गोळी घेऊन धुक्यात गेल्या. पाठीवरचे डोळे सगळ्यात शेवटी दिसेनासे झाले.

उलट्या घोंगड्याचं प्रकरण त्याच हिवाळ्यात सुरू झालं. देवळाजवळ बेल विकणारी एक म्हातारी होती. एका सकाळी आठला आत्या घोंगडं उलटं पांघरून आल्या. उलट्या बाजूनं डोळे दिसत नाहीत, नुसते लोकरीचे गुंते दिसतात, नक्षी पुसून टाकल्यासारखी. ही पाचवी रीत आणि तिला नाव नव्हतं. कुणाशी न बोलता घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. अकराच्या सुमाराला कळलं, बेलवाली आपल्या पालात मरून पडली होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा उलटं. दुपारी बातमी आली, जुन्या धर्मशाळेत राहणारा एक बैरागी गेला. संक्रांतीच्या आधी तिसऱ्यांदा. मग गल्लीनं काय समजायचं ते समजून घेतलं. लोक आत्यांशी आधीपेक्षा गोड बोलायला लागले आणि आधीपेक्षा लवकर दार लावायला लागले. त्यांनी एखाद्याला 'कसं हाय?' विचारलं की तो माणूस घाईघाईनं 'एकदम ठणठणीत' म्हणायचा. शेजारच्या काकूंनी तर खोकला आला तरी दाबायचा असं ठरवलं होतं. आत्यांना हे कळत होतं का, कोण जाणे. त्या फक्त किरकोळ रजेवर जास्त राहायला लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात माझे वडील आजारी पडले. अण्णा वीज मंडळात वायरमन होते, आयुष्यभर खांबावर चढले, कधी घाबरले नाहीत. न्यूमोनिया झाला, नांदेडला दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं, घरी आणलं. छाती सुधारत होती. पण अण्णा झोपेनात. डोळा लागायला आला की दचकून उठून बसायचे.

"काय होतंय?" मी विचारलं.

"झोपलो की कोणीतरी दारात येऊन उभं राहतंय," अण्णा म्हणाले. "मी जागा असलो की येत न्हाई."

डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी मी स्वतःच्या हातानं दिली. गोळीनं त्यांची जीभ जड झाली, डोळे मात्र उघडेच. पाच दिवस असे गेले. माणूस समोर वाळत होता आणि माझ्या दुकानात चार कपाटं औषधं होती.

सहाव्या दिवशी दुपारी चारला मी घरी जेवायला आलो होतो. बायको, मंगल, भांडी लावत होती. दारात सावली पडली म्हणून तिनं पाहिलं आणि हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली.

दारात आत्या होत्या. घोंगडं उलटं.

"अण्णासाहेबांना भेटायचं हाय," त्या म्हणाल्या.

मंगल दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एरवी ती आत्यांना बसायला पाट देणारी. "आत्ता नका येऊ, आत्या," ती म्हणाली. "हात जोडते. तुमी जावा."

तेवढ्यात जमीन गुरगुरली. आमच्याकडं हे अधूनमधून होतं, खालून लांब कुठंतरी जड दगड सरकल्यासारखा आवाज येतो. दोन-तीन सेकंद. आम्हाला त्याची सवय आहे. पण मांडणीवरची भांडी किणकिणली आणि मंगलच्या हातातलं ताट खाली पडलं. आत्या हलल्या नाहीत. उलट्या घोंगड्यावरचे गुंते मात्र हलल्यासारखे वाटले. वारं नव्हतं.

आतून अण्णांचा आवाज आला. "कोण हाय? वच्छाबाई का? येऊ द्या तिला."

मंगलनं माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार? अण्णांचं घर. मी बाजूला झालो.

आत्या आत आल्या. पलंगाजवळ उभं राहून त्यांनी घोंगडं उतरवलं आणि सुलटं करायला लागल्या. एकेक डोळा आतून बाहेर येत होता. मी भिंतीला टेकलो.

"पिंजारीमामू गेला का?" अण्णांनी विचारलं.

"गेला. दुपारी बाराला. मशिदीत सांगून आले."

पिंजारीमामू म्हणजे बसस्टँडमागं एकटा राहणारा म्हातारा. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यानं पिंजल्या होत्या. अण्णांचा तो जुना मित्र, आणि तो आजारी आहे हे अण्णांशिवाय आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं मशिदीच्या भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं गेलं. मंगलनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि लगेच तिची तिलाच लाज वाटून तिनं पदर तोंडाला लावला.

तेव्हा मला क्रम कळला. आमचा सगळा क्रम चुकलेला होता. घोंगडं उलटं व्हायचं ते माणूस गेल्यानंतर. बातमी उशिरा यायची, कारण ज्यांची बातमी कुणी आणणार नाही अशीच ती माणसं होती, आणि त्यांच्या शेवटच्या रात्री आत्याच त्यांच्याजवळ बसून असायच्या.

"पण उलटं काहून पांघरता?" मी विचारलंच.

"रात्रभर पाहून दमतात ते," आत्या म्हणाल्या. "उलटं केलं की मिटतात जरा. रातपाळी करून आल्यावर तुमी झोपत न्हाई का?"

मग त्यांनी स्टूल ओढलं, पलंग आणि दार यांच्या मधे ठेवलं, आणि अण्णांकडं तोंड करून बसल्या. पाठ दाराकडं. घोंगडं त्यांनी अशा रीतीनं घेतलं, जी मी कधी पाहिली नव्हती. दोन्ही पदर स्टुलाच्या दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत सोडले, मधे जराही घडी नाही. दारातून पाहिलं तर बाई दिसत नव्हती, पलंग दिसत नव्हता. नुसती डोळ्यांची भिंत.

"झोपा अण्णासाहेब," त्यांचा आवाज आला. "इकडची जबाबदारी माझी."

अण्णा पाच मिनिटांत घोरायला लागले.

मी बाहेरच्या खोलीत बसलो. दुकान उघडायचं राहिलं. ऊन भिंतीवरून उतरत होतं. पाचच्या सुमाराला मला वाटलं, अण्णांच्या अंगावरचं पांघरूण सरकलं असेल, बघून यावं. मी उठलो आणि उंबऱ्यापर्यंत गेलो. पुढं पाय टाकता येईना. सगळे डोळे माझ्याकडं होते. त्यातले मिटलेले कोणते ते मी शोधत होतो. दुपारी उजेडात मला ते टाके दिसले होते. आता एकही मिटलेला दिसत नव्हता. मी माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या खोलीच्या दारात उभा होतो आणि मला आत यायची परवानगी नव्हती. दाराचा पडदा माझ्या खांद्याला लागून एकदा हलला. मी मागं फिरलो.

दिवे लागले तेव्हा अण्णा जागे झाले. चेहरा पाच दिवसांत पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता.

"कोणी आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"आलं होतं," आत्या म्हणाल्या. "परत गेलं."

त्या माझ्याबद्दलच बोलल्या असणार. उंबऱ्यावरून मीच परत फिरलो होतो. मंगलला मी तसं सांगितलं. मंगलनं उठून बाहेरच्या दाराला कडी घातली.

अण्णा बरे झाले. आत्या सलग आठ दिवस येऊन बसल्या, नंतर गरज नव्हती तरी यायला लागल्या. चहाची वेळ साधून यायच्या, पण चहाला नको म्हणायच्या आणि मंगलनं दुसऱ्यांदा विचारलं की घ्यायच्या. अण्णांशी जुन्या गावाच्या गोष्टी चालायच्या. गल्लीला मंगलनंच खरा क्रम सांगितला. काहींनी मानला. शेजारच्या काकू अजून खोकला दाबतात.

एक दिवस अण्णांनी सरळ विचारलं. "वच्छाबाई, हे बसायचं तुमी काहून सुरू केलं?"

आत्यांनी कप खाली ठेवला. "आई माझी ह्याच महिन्यात गेली. मी कचेरीत होते. अंगात कणकण हाय, थांब म्हणली होती. मी म्हणले, नकला द्यायच्या हायेत, संध्याकाळी येते. दुपारी शेजारीण ताक द्यायला गेली तवा कळलं. किती वाजता गेली ते कुणालाच माहीत न्हाई. मृत्यूच्या नोंदीत वेळेचा रकाना असतो. तो कोरा हाय."

मंगल आतून आली होती, ती दारातच थांबली.

"आता माझं कोण बसंल, त्याची तजवीज झालेली न्हाई," आत्या म्हणाल्या. कचेरीतली एखादी जागा भरायची राहिलीय अशा सुरात.

"मी बसंन," अण्णा म्हणाले.

"तुमी माझ्याआधी जाताल, अण्णासाहेब."

"मग हा बसंल," अण्णांनी माझ्याकडं बोट केलं.

आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या खांद्यावर मंगलची जुनी शाल कशीतरी टाकलेली होती. "ह्याला पांघरता येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"शिकवा मग."

त्या उठल्या, घोंगडं उतरवलं आणि माझ्या पाठीशी आल्या. पाठीवर ते पडलं तेव्हा वाटलं त्यापेक्षा कितीतरी जड होतं, आणि गरम, जसं आधीपासून कुणी आत बसलेलं असावं. आत्यांचे हात थंड होते. खांद्यावरची एकेक घडी काढत त्या सांगत होत्या, "पाठ दाराकडं. तोंड माणसाकडं. मागं काही वाजलं तरी वळायचं न्हाई. हात त्याच्या हातावर ठिवायचा, दाबायचा न्हाई. आणि वेळ पाहून ठिवायची. ते विसरायचं न्हाई."

मी बसलो. त्यांनी मागून, बाजूनं, पुढून पाहिलं.

"डावा पदर लांब झाला," त्या म्हणाल्या. "नापास. गुरुवारी परत."

त्याला आता दोन हिवाळे झाले. दर गुरुवारी संध्याकाळी आत्या येतात, मंगल दुसऱ्यांदा चहाचं विचारते, अण्णा पलंगावर आजारी माणूस म्हणून झोपतात आणि खरंच झोपी जातात. मी स्टुलावर बसतो. आत्या तपासतात. कधी मान वाकडी असते, कधी घडी, बहुतेक वेळा डावा पदर. मग त्या शेरा देतात आणि पुढच्या गुरुवारची तारीख सांगून, घोंगडं घेऊन समोर आपल्या अंधाऱ्या खोलीत जातात.

मला गेल्या वर्षीच नीट जमायला लागलं. डोळे मिटून जमतं. पण गुरुवारी आत्या दारात दिसल्या की मी स्टुलावर बसतो, घोंगडं अंगावर घेतो, आणि डावा पदर बोटभर लांब सोडतो.